डिस्चार्ज बुकात १९७१ ची मेडलं नाहीत, आजोबांच्या रेकॉर्डला कशी चढवायची?

कडोलीची_नात
नमस्कार मंडळी. माझे आजोबा १९६६ ला पायदळात भरती झाले, १९८३ ला पेन्शनवर आले आणि नंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, लष्करी ठिकाणांच्या पहाऱ्याचं दल) दुसरी नोकरी करून घरी बसले. पलटणीचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. १९७१ च्या लढाईत ते पूर्वेकडं होते. त्यांच्याच कंपनीतले दोघे अजून आहेत, एक हुक्केरीकडं, एक गडहिंग्लज बाजूला. दोघांच्याही डिस्चार्ज बुकात (नोकरीतून सुटताना मिळतं ते) 'पूर्वी स्टार' हे पूर्व आघाडीचं मेडल आणि 'संग्राम मेडल' आहे. आजोबांच्या बुकात मेडलांच्या रकान्यात फक्त सैन्य सेवा मेडल लिहिलंय.
गावातल्या माजी सैनिकांनी १६ डिसेंबरच्या विजय दिवसासाठी १९७१ मध्ये लढलेल्यांची यादी केली. ती केली डिस्चार्ज बुकं बघून. आजोबांचं नाव त्यात आलं नाही. ते म्हणतात, "राहू दे गं, कुणाला काय सांगायचं." मला राहू द्यायचं नाही. अर्ज कुणाकडं करायचा, सोबत काय जोडायचं, आणि इतक्या वर्षांनी नोंद होते का? कुणी हे केलं असेल तर सविस्तर सांगा.

निपाणी_नाका
पेन्शन वेळेवर येते ना? मग या मेडलांसाठी म्हाताऱ्या माणसाला कशाला फिरवायचं? ही लढाईत हजर असल्याची मेडलं, त्यावर पगार-पेन्शन वाढत नाही. पन्नास वर्षं गेली. स्पष्ट लिहितोय, राग नसावा.

मलप्रभेकाठी
नाका, राग नाही, पण पटलं नाही. माझे वडील १९६१ ला गोव्याच्या कारवाईत होते. फौजा आपल्या बेळगावातूनच पुढं सरकल्या हे इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. त्यांच्या जनरल सर्व्हिस मेडलवर 'गोवा १९६१' ही पट्टी आहे आणि कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं आहे. वडील गेल्यावर घरात जे उरलं त्यात आईनं सगळ्यात आधी ते मेडल बाजूला काढून ठेवलं. सरकारनं तुझ्या नावानं काहीतरी कोरलंय, याला किंमत असते. रुपयात नसेना का.

शीटरोल
मी रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांचे कागद जिथं ठेवतात तिथं, क्लार्क होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. ताई, आधी एक गोष्ट समजून घ्या. डिस्चार्ज बुक ही मूळ नोंद नव्हे. जवान बाहेर पडताना त्याच्या शीट रोलवरून, म्हणजे नोकरीभराच्या नोंदींच्या कागदावरून, ते उतरवून काढतात. शीट रोल भरला जातो पार्ट टू ऑर्डरवरून. बदली, रजा, लग्न, मूल, बढती, मेडल, जे काही घडलं त्याची पलटण पार्ट टू ऑर्डर काढते आणि रेकॉर्ड ऑफिस ती शीट रोलला चढवतं. म्हणजे नोंद तीन ठिकाणी अडू शकते: ऑर्डर निघालीच नाही, ऑर्डर निघाली पण शीट रोलला चढली नाही, किंवा शीट रोलला आहे आणि डिस्चार्ज बुकात उतरवायची राहिली. तिसरी गोष्ट झाली असेल तर काम सोपं. पहिली असेल तर पलटणीकडून खात्री करून घ्यावी लागते, वेळ लागतो. तुमचं कुठं अडलंय हे कळल्याशिवाय भांडून उपयोग नाही.
म्हणून पहिल्या अर्जात "मेडल द्या" असं लिहू नका. "माझ्या शीट रोलमधील मेडलांच्या नोंदींची प्रत आणि १९७१-७२ मधील पोस्टिंगच्या नोंदी द्याव्यात" असं लिहा. सही आजोबांची हवी. ते हयात आहेत, हात चालतोय, तर नातीनं सही करू नये. अर्ज नुसता बाजूला पडतो.
आणखी एक. १९७१ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार हे त्या त्या आघाडीवर असलेल्यांना. संग्राम मेडलचा आवाका मोठा, आघाडीवर नसलेल्यांनाही मिळालं. स्टार मिळालेल्याला संग्रामही मिळतं. दोन्ही मागायची तर दोन्हींची नावं वेगवेगळी लिहा.
आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण मी विचारतो. १५ ऑगस्ट १९७२ ला आजोबा नोकरीत होते ना? मग स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल कुठं आहे? १९६६ ची भरती म्हणजे नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडलही हवं. बुकात एकच मेडल आहे याचा अर्थ रकाना अर्धवट सोडलाय. हे बघून मला बरं वाटलं, कारण एखादंच गळालं असतं तर लोक हक्कावर शंका घेतात. जवळजवळ अख्खा रकाना रिकामा असला की चूक उतरवण्यात झाली हे उघड दिसतं.

कडोलीची_नात
काका, खूप आभार. ती दोन मेडलं माझ्या लक्षातच आली नव्हती. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "ते बहात्तर सालचं आम्हा सगळ्यांनाच मिळालं होतं की." म्हणजे मिळालंही असेल आणि आज घरात नाही, असंही असू शकतं.

लाल_माती
बेळगावच्या कॅम्पात दुकानं आहेत की ओ. हवी ती मेडलं, रिबन, सगळं बसवून देतात. एका दुपारचं काम. आजोबांना घालून बसवा पुढच्या खुर्चीत.

मलप्रभेकाठी
लाल माती, हे मात्र करू नका. दुकानातली नक्कल ज्याच्या नावावर नोंद आहे त्यानं खरं मेडल जपून ठेवून वरून लावायला असते. नोंदच नसताना लावली आणि गावात कुणी विचारलं, तर खरं लढलेला माणूस खोटा ठरतो. आजोबांच्या जागी मी असतो तर मला ते सोसलं नसतं.

लाल_माती
बरोबर. मी आपलं लवकर व्हावं म्हणून बोललो. आमच्या थोरल्या आबांची तीन रिबन उंदरानं खाल्ली होती, ती तिथंच बदलून आणली, तेवढंच मला माहीत. उंदराला मात्र कुठलंच मेडल मिळालं नाही :)

चंदगडी_पोर
एक विचारू का? माझे चुलते चंदगड तालुक्यातले, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. भरती झाले बेळगावात, आता राहतात मुलाकडं हिंडलग्यात. त्यांचंही एक मेडल राहिलंय. अर्ज कुठल्या जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयातून जाणार?

शीटरोल
रेकॉर्ड ऑफिसला राज्याशी देणंघेणं नाही. जवानानं कुठल्या शाखेत नोकरी केली ते बघायचं. बेळगावात भरती झाला म्हणून कागद बेळगावातच असतील असं नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचे बेळगावात. तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे (फौजेचे इंजिनिअर) खडकीला, मद्रास सॅपर्सचे बेंगळुरूला, सिग्नलवाल्यांचे जबलपूरला, ईएमईचे (गाड्या-हत्यारं दुरुस्त करणारे) सिकंदराबादला. जिल्हा सैनिक कार्यालय फक्त शिफारस लावून पुढं पाठवतं. माजी सैनिकाचं ओळखपत्र ज्या जिल्ह्यात काढलंय तिथूनच पाठवा, म्हणजे पत्ता आणि कार्ड जुळतं. थेट पाठवलं तरी चालतं. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा.

रानवाट_जांबोटी
शाखेवरून एक आठवलं. लोकांना वाटतं १९७१ म्हणजे आपल्या मराठ्यांची जंगी पलटण आणि जमालपूर. ते आहेच. पण ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला विमानातून छत्रीनं उतरली ती दुसरी पॅरा (छत्रीधारी पलटण), ती मुळात मराठ्यांचीच तिसरी पलटण. पॅरा रेजिमेंटचं सेंटर बेंगळुरूला. आमच्या भागातले जे पॅरात गेले त्यांच्या घरचे कागद शोधायला बेळगावात येतात आणि रिकाम्या हातानं परत जातात. आधी डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानावर रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का कुठला आहे ते वाचा.

उचगावची_सून
माझ्या सासऱ्यांचा अनुभव लिहिते, पुढच्यांना उपयोग होईल. ते १९६५ च्या लढाईत होते, नंतर घरच्या अडचणीनं नोकरी सोडून आले. पेन्शन नव्हतं. त्यांना समर सेवा स्टार मिळालेला, तो घर पडलं तेव्हा हरवला. डिस्चार्ज बुकही गेलं. सासूबाईंच्या नावानं आम्ही अर्ज केला तेव्हा एका कार्यालयानं दारातूनच परत पाठवलं, "कागदच नाहीत" म्हणाले. सासूबाई त्या दिवशी काही जेवल्या नाहीत. नंतर एका ओळखीच्या सुभेदार साहेबांनी सांगितलं की पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, पण लाँग रोल, म्हणजे सगळ्यांच्या नावानंबरांची नोंदवही, ठेवतात. लाँग रोलमधून नाव, नंबर, भरती, डिस्चार्ज एवढं मिळालं. मेडलाची नोंद मात्र नाही मिळाली. म्हणून सांगते, ज्यांच्या घरी डिस्चार्ज बुक आहे त्यांनी आजच त्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

निपाणी_नाका
वहिनी, वाचून वाईट वाटलं. वर मी जे लिहिलं ते पैशाच्या हिशेबानं लिहिलं होतं.

कुंदा_प्रेमी
माझ्या मामांनी १९७१ मध्ये दोन जखमी जवानांना ओढून आणलं होतं, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना वीरचक्र मिळायला हवं होतं. तेही असं रेकॉर्ड दुरुस्त करून मिळेल का?

शीटरोल
नाही. शौर्याच्या पदकासाठी त्या वेळी पलटणीनं शिफारस पाठवावी लागते, ती वरपर्यंत मंजूर व्हावी लागते आणि भारताच्या राजपत्रात नाव यावं लागतं. वीरचक्र, सेना मेडल यांची नोंद गळाली असेल आणि राजपत्रात नाव असेल, तर दुरुस्ती होते, राजपत्राची प्रतच पुरावा. नाव तिथं नसेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मामांचं काम मोठंच आहे, पण त्यांचा अर्ज या धाग्यातल्या अर्जासारखा नव्हे. ते जखमी झाले असतील तर जखमेच्या पदकाचा, म्हणजे पराक्रम पदकाचा विचार करा. त्याला दवाखान्याचे त्या वेळचे कागद लागतील.

घटप्रभा
ताई, नावाची एक अडचण आत्ताच बघून ठेवा. आपल्या सीमाभागात जुन्या भरतीत नाव लिहिलंय 'मारुती कल्लाप्पा', म्हणजे स्वतःचं आणि वडिलांचं. आडनाव नाही. आधारवर कन्नडातून इंग्रजीत येताना 'मारुति के पाटील' होतं. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर तिसरंच काहीतरी. मेडलाचा अर्ज नाव जुळत नाही म्हणून परत येतो. माझं मत असं की मेडलाच्या अर्जात डिस्चार्ज बुकातलं नाव जसंच्या तसं लिहा आणि 'आधारवरील नाव असे' म्हणून दुसऱ्या ओळीत द्या. नाव दुरुस्तीचा अर्ज वेगळा ठेवा. दोन्ही एका कागदावर घातले की दोन्ही रखडतात.

चंदगडी_पोर
आणि जिल्ह्याच्या कार्यालयात मराठी अर्ज घेत नाहीत म्हणून पुन्हा तेच जुनं दुखणं.

घटप्रभा
माझा अनुभव वेगळा आहे. तिथल्या कन्नड बाईंनी स्वतः बसून माझ्या वडिलांचं पत्र कन्नडात उतरवून दिलं, वर चहाही पाजला. फौजेला पाठवायचा अर्ज तसाही इंग्रजीत किंवा हिंदीत जातो. हा वाद या धाग्यात नको, त्याला आपल्याकडं दुसरे पुष्कळ धागे आहेत.

कडोलीची_नात
आज्जीच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं सापडली. इनलँड. १९७१ च्या ऑक्टोबरपासून १९७२ पर्यंतची. पत्त्यात गावाचं नाव नाही, फक्त '९९ एपीओ' आणि गोल शिक्क्यात एक नंबर आणि तारीख. एका पत्रावर डिसेंबर १९७१ ची तारीख स्पष्ट आहे. यात लढाईबद्दल एक ओळही नाही, म्हशीला दावं नवीन घ्या आणि धाकट्याला शाळेत घाला, एवढंच. याचा उपयोग होईल का?

शीटरोल
होईल! ५६ एपीओ आणि ९९ एपीओ हे फौजेच्या टपालाचे पत्ते, ९९ हा पूर्वेकडचा. जागेचं नाव लिहायला बंदी असायची म्हणून फक्त नंबर. हा काही अखेरचा पुरावा नव्हे, हक्क ठरतो तो पलटणीच्या नोंदींवर. पण शिक्का आणि तारखेची झेरॉक्स जोडा. त्याबरोबर त्या दोघा सोबत्यांच्या डिस्चार्ज बुकाच्या मेडलांच्या पानाची प्रत आणि दोघांचं एका पानाचं प्रतिज्ञापत्र: कोणती कंपनी, कोणता काळ, हा माणूस आमच्यासोबत होता. मूळ पत्रं कुणालाही देऊ नका.

हायवे_संकेश्वर
एवढं कशाला, सरळ आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये (फौजींच्या दाव्यांचं न्यायाधिकरण) जा. कर्नाटकवाल्यांना कोचीचं खंडपीठ, चंदगडवाल्यांना मुंबईचं.

मलप्रभेकाठी
ट्रायब्युनल आहे, पण तिथं पहिला प्रश्न हाच की आधी कुठं अर्ज केला आणि उत्तर काय आलं. अर्ज न करता कोचीची गाडी पकडून काय मिळणार? आधी अर्ज. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते नाही आलं तर पहिलं अपील. एवढं झाल्यावर वकिलाकडं जा.

कण्णूर_रिटर्न
सगळं वाचलं. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की आजोबा डीएससीत गेले होते, आणि त्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. मीही पलटणीतून पेन्शन घेऊन डीएससीत गेलो होतो. डीएससीचं रेकॉर्ड केरळात कण्णूरला. माणूस तिकडं पुन्हा भरती झाला की त्याचे जुन्या पलटणीचे कागदही मागवून घेतात. जुन्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकत बसलात तर "कागद पुढं पाठवले" एवढंच उत्तर येईल. अर्ज कण्णूरला करा, आणि एक प्रत जुन्या रेकॉर्ड ऑफिसला. डीएससीतून सुटतानाचं डिस्चार्ज बुक वेगळं असतं, त्यातही मेडलांचा रकाना आहे. दोन्ही बुकं जोडून बघितलीत का?

शीटरोल
बरोबर बोललात साहेब. हे मी आधीच विचारायला हवं होतं. ताई, दोन्ही बुकांचे नंबर वेगळे असणार. अर्जात दोन्ही सर्व्हिस नंबर लिहा.

कडोलीची_नात
दुसरं बुक काढलं. त्यात सैन्य सेवा मेडल आणि २५ व्या स्वातंत्र्यदिनाचं मेडल, दोन्ही आहेत! म्हणजे कुठंतरी नोंद होती. अर्ज दोन्हीकडं पाठवला. सही आजोबांनीच केली, चष्मा पुसून, दोन्ही नंबर तोंडपाठ सांगून. मला एकही अंक बघावा लागला नाही.

लाल_माती
फौजी बायकोचा वाढदिवस विसरेल, नंबर नाही.

कडोलीची_नात
बरेच दिवसांनी लिहितेय. पहिल्या अर्जावर काही आलं नाही. मग मलप्रभेकाठी दादांनी सांगितल्याप्रमाणे माहिती अधिकारात विचारलं. शीट रोलच्या मेडलांच्या पानाची प्रत आली. त्यात संग्राम मेडलची नोंद पार्ट टू ऑर्डरच्या नंबरासकट आहे, नऊ वर्षांच्या मेडलचीही. पूर्वी स्टारची नाही. पोस्टिंगमध्ये मात्र डिसेंबर १९७१ ला आजोबा त्या पलटणीतच होते हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे शीटरोल काकांच्या भाषेत एकाच माणसाच्या बाबतीत दोन ठिकाणी अडलं: संग्राम उतरवायचं राहिलं, पूर्वी स्टारची नोंद शीट रोलला चढलीच नाही. रेकॉर्डनं पलटणीकडून खात्री मागवली आहे, त्या पत्राची प्रत आम्हाला आली. संग्राम आणि नऊ वर्षांच्या मेडलची नोंद डिस्चार्ज बुकात करून द्यायला बुक मागितलंय. मूळ बुक पोस्टानं पाठवू का? आज्जी हातातून सोडायला तयार नाही.

शीटरोल
अभिनंदन. निम्म्याहून जास्त काम झालं. आज्जींचं बरोबर आहे. मूळ बुक पाठवण्याआधी विचारा की शुद्धिपत्र म्हणून वेगळा कागद देता येईल का. तो मिळाला तर बुकाला जोडून ठेवायचा. मूळच हवं म्हणाले तर प्रत्येक पानाची साक्षांकित प्रत आधी करून ठेवा, विमा उतरवून पाठवा आणि सोबतच्या पत्रात पानांची संख्या लिहा. पूर्वी स्टारसाठी पलटणीचं उत्तर येईपर्यंत त्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं पाठवून द्या, आणि दोघांना सांगा की फोन आला तर उचला.
आणि नोंद झाली म्हणजे मेडल हातात आलं असं नाही. मेडल देण्याचं काम दिल्लीतून होतं, त्याची मागणी रेकॉर्ड ऑफिस करतं. तुमच्या पुढच्या पत्रात शेवटी एकच ओळ घाला: "मेडल अद्याप मिळालेले नाही, तरी ते पाठविण्याची कार्यवाही व्हावी." ही ओळ नसेल तर नोंद करून फाईल बंद होते. मेडल आधी मिळालं होतं आणि हरवलं असेल, तर मात्र तसंच लिहा, त्याचा अर्ज आणि शुल्क वेगळं असतं. आजोबांना विचारून ठरवा.

निपाणी_नाका
ताई, गावच्या यादीचं काय झालं?

कडोलीची_नात
शीट रोलची प्रत मी गावच्या संघटनेच्या अध्यक्षकाकांना नेऊन दाखवली. त्यांनी तिथंच वहीत नाव घातलं आणि म्हणाले, आता इतर सगळ्यांचीही दोन्ही बुकं तपासून घेतो. आमच्या गल्लीत डीएससीत गेलेले आणखी काहीजण निघालेत. एका आज्जींचे मालक गेलेत, बुक आहे, पण त्यांचं नाव रेकॉर्डला माहेरचं लागलंय. त्यांच्यासाठी अर्ज कसा लिहायचा?

उचगावची_सून
त्या आज्जींचं मी बघते. हे दुखणं आमच्या घरात होऊन गेलंय. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघाली होती का ते आधी विचारा, आणि पेन्शनच्या कागदावर त्यांचं नाव काय आहे त्याचा फोटो मला मेसेजमध्ये पाठवा, इथं उघड टाकू नका. रविवारी मी कडोलीला येणारच आहे, तेव्हा समोर बसून अर्ज लिहू.